तात्पुरते ठेवले आहे

६ ऑक्टोबर

सकाळच्या फेरीत सुगेनोसान पुन्हा दिसल्या. आमच्या कुंपणाला वस्तीच्या बाजूने एक लहान दार आहे. वस्तीतल्या लोकांना जिझोच्या दगडी मूर्तीच्या पाया पडता यावे, एवढ्यासाठीच ते ठेवले आहे. त्या आत आल्या, मूर्तीच्या मागे उभ्या राहिल्या आणि मी तिथे नाहीच अशा समोर बघत राहिल्या. मी कमरेत वाकून नमस्कार केला. त्यांनी पापणीही हलवली नाही.

बाई ऐंशीच्या घरातल्या, वस्तीच्या प्रमुख. मोठ्या लाटेने त्यांचे बंदराचे गाव नेले, समुद्रात गेलेली कितीतरी माणसे अजून सापडलेली नाहीत. मग सरकारने याच माळावर पत्र्याची तात्पुरती घरे बांधून दिली. त्यांत आठ वर्षे काढून ती माणसे रस्त्यापलीकडच्या नव्या घरांत गेली आणि रिकाम्या माळावर आमची इमारत आली. आत फक्त संगणक आहेत. जिल्ह्यातल्या सगळ्या इस्पितळांच्या नोंदी आणि रुग्णवाहिकांचे निरोप त्यांवर चालतात. वस्तीतले लोक तिला ‘गुणगुण्या डबा’ म्हणतात. पंख्यांचा आवाज रात्रंदिवस असतो, हे खरे आहे.

वस्तीच्या दुकानात तोफू मागितला. संपला म्हणाले. मागच्या पाण्याच्या टबात चार वड्या तरंगत होत्या.

९ ऑक्टोबर

आज मोजपट्टी घेऊन बसलो आणि मन खाली गेले.

आमची इमारत जमिनीवर उभी नाही. ती रबर आणि पोलादाच्या जाड उशांवर उभी आहे. जमीन हलली की इमारतीने सावकाश मागेपुढे झुलावे, म्हणजे आतले काही पडणार नाही, अशी ती योजना. त्यासाठी चारी बाजूंनी खंदकासारखी फट ठेवली आहे. फटीवर झाकणे आहेत. ती इमारतीला जोडलेली, बाहेरच्या कडेला मोकळी. इमारत सरकली की झाकणे जमिनीवरून घसरतात. या पट्ट्यावर काहीही ठेवायचे नाही, हा पहिला नियम.

कंत्राटदाराने झाकणांवर सुंदर करडी फरशी बसवली आहे. कुणालाही ओटा वाटेल. बांधकामाच्या गडबडीत वस्तीच्या माणसांना तसेच वाटले. उत्तरेच्या पट्ट्याच्या पश्चिम टोकाला त्यांनी बंदरातून वाचवून आणलेला जिझो बसवला, चबुतरा सिमेंटने घट्ट केला. चबुतरा अर्धा झाकणावर, अर्धा जमिनीवर. म्हणजे झाकणाला खिळा ठोकल्यासारखेच. आणि नेमक्या त्याच्या खाली जनित्रांची डिझेलची लवचिक नळी फट ओलांडते. उद्या झाकण वाकून खाली आले तर नळी फाटेल. वीज गेलेली असेल, जनित्रेही बंद पडतील.

शिवाय मूर्ती उलटी बसवली आहे. पाठ वस्तीकडे, तोंड त्या लांब, रिकाम्या पट्ट्याकडे. लोक देवाच्या पाठीला हात जोडतात. असे मी कुठे पाहिले नाही. घाईत चुकले असावे.

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, भिंत आणि कुंपण यांच्यामधून समुद्राची बोटभर निळी रेघ दिसते. बाकी सगळा समुद्र आमच्या इमारतीने झाकला आहे. मी डोंगरातला माणूस, मला समुद्राचे कौतुक नाही.

१२ ऑक्टोबर

हाताकेनाकासानना सांगितले. ते मुख्य कचेरीतून आलेले आमचे उपव्यवस्थापक. वय छत्तीस, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान.

म्हणाले, “कुझुमाकीसान, इमारत हजारो टनांची आहे. तुमचा दगडी बाबा लाथ बसल्यासारखा उडेल.”

“उडाला तर बरंच. तो आत पडेल. नळीवर.”

“महिनाअखेरीला तपासनीस येतायत. त्यांना काय सांगायचं?”

मी सुचवले की पिवळी चिठ्ठी लावू. आमच्या कामात ‘तात्पुरते’ हा शब्द म्हणजे मोठी सोय आहे. नको त्या जागी नको ती वस्तू असली, तरी तिच्यावर पिवळी चिठ्ठी, ठेवणाऱ्याचे नाव आणि तारीख असली की ती वस्तू सभ्य होते. कुणी तिला हात लावत नाही, कुणी विचारतही नाही. आमच्या तळघरात ‘तात्पुरती’ शिडी आहे, ती मी रुजू झालो त्याच्या आधीपासूनची.

ते खूश झाले. “बघा, शाळा डोंगरातली असली तरी डोकं चालतं.”

मी हसलो. संध्याकाळी अमिदा बुद्धाचे नाम घेताना मधेच त्यांचा चेहरा आला आणि जे शब्द मनात आले ते इथेही लिहीत नाही.

१३ ऑक्टोबर

चिठ्ठी चबुतऱ्यावर चिकटवली. ‘तात्पुरते ठेवले आहे. जबाबदार : कुझुमाकी.’ मूर्तीला चिकटवली नाही, तेवढे भान ठेवले. आधी हात जोडले, मगच चिकटवली.

१४ ऑक्टोबर

सकाळी सुगेनोसान चिठ्ठीसमोर उभ्या होत्या. मी जवळ गेलो.

“हे तुम्ही लावलंत?”

“हो, आजी. नियमाप्रमाणे...”

“मी तुमची आजी कधी झाले?”

“चुकलो. सुगेनोसान.”

“तात्पुरतं,” त्यांनी बोटाने अक्षरे वाचली. “आम्हालाही असंच ठेवलं होतं इथे. तात्पुरतं. आठ वर्षं. पत्र्याखाली. माझा नवरा तात्पुरता असतानाच गेला. आता ह्यालाही?”

मी म्हणालो की धोका आहे, मूर्ती चुकीच्या जागी बसली आहे.

“तो कुणाची वाट बघतोय, ते तुम्हाला काय कळणार?”

अपमानच केला. मीही लहानपणापासून जिझोपुढे वाकलेला माणूस आहे. प्रवाशांचा आणि लहान लेकरांचा रक्षक कोण, हे मला बंदरातल्या बाईने शिकवायला नको.

दुपारी पाहिले तर चिठ्ठी फाडून टाकलेली, आणि चबुतऱ्याभोवती मुठीमुठीने मीठ पसरलेले. अंत्यविधीहून आल्यावर शुद्धीसाठी घालतात तसे.

२३ ऑक्टोबर

वस्तीच्या सभेत गेलो. रात्र जागून चित्रांचे पत्रक काढले होते. इमारत, उशा, फट, आणि झुलताना ती किती सरकते, सगळे रंगवून दाखवले होते. वीसेक माणसे होती. कुणी चहा विचारला नाही. मी बोललो, ते ऐकत राहिले. शेवटी सुगेनोसाननी माझे पत्रक घेतले, चार घड्या घातल्या आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवले.

“डुगडुगत होतं,” म्हणाल्या. “आता भूकंप आला तरी हरकत नाही.”

सगळे हसले. मागून कुणीतरी म्हणाले, “डोंगरवाले, टेबलालाही चिठ्ठी लावा.”

घरी फोन केला. बायको म्हणाली, “त्यांना काय हवंय ते विचारलंत का?” मी म्हणालो, त्यांना आम्हीच नको आहोत. ती म्हणाली, “समोरच्या माणसाचं तोंड कुठे वळलंय, ते तुम्ही कधी बघता?” तिचे हे जुनेच. लग्नाला चोवीस वर्षे झाली, पण मी कुठे बघत नाही ते तिने अजून सांगितलेले नाही.

३० ऑक्टोबर

तपासनीस चिठ्ठीला फसला नाही. फाडलेल्या चिठ्ठीच्या जागी मी नवी लावली होती. त्याने ती वाचली, खाली वाकून नळी पाहिली आणि विचारले, “भूकंपही तात्पुरता थांबणार आहे का?”

हाताकेनाकासान माझ्याकडे बघून म्हणाले, “ही ह्यांची कल्पना.”

पंधरा दिवसांत पट्टा मोकळा करा, असा शेरा मिळाला.

नंतर खोलीत ते म्हणाले, “रविवारी ते सगळे देवळात असतात. तेव्हाच उचला.”

“चोरासारखा नाही उचलणार.”

“मग संतासारखा उचला. पण उचला.”

३ नोव्हेंबर

आज उचलला.

वस्तीच्या देवळाचे पुजारी यायला तयार नव्हते. पलीकडच्या खोऱ्यातल्या देवळातून एका पुजाऱ्याला आणले. मूर्ती हलवण्याआधी तिच्यातला प्राण काढून घ्यावा लागतो, जागेवर बसवल्यावर परत घालावा लागतो. दोन्ही विधी नीट झाले. गवंड्याने चबुतरा फोडला. मूर्तीच्या गळ्यातले लाल कापड मी स्वतः धुऊन वाळवून परत बांधले. ते हाताने विणलेले आहे, आणि लहान मुलाच्या मापाचे नाही. चांगले मोठे आहे, मोठ्या माणसाच्या गळ्याला व्हावे एवढे. विणणारीचे माप चुकले असावे.

नवी जागा दारापासून चार हातांवर, पक्क्या मातीत. आणि तोंड रस्त्याकडे केले. आता वस्तीतल्या माणसाला येताजाता देवाचे मुख दिसेल, दार उघडायचीही गरज नाही. इतकी वर्षे पाठीला नमस्कार चालला होता, ते मी सरळ केले. मनाला समाधान वाटले.

सगळी वस्ती कुंपणापलीकडे उभी होती. कुणी ओरडले नाही. सुगेनोसान शेवटी एवढेच म्हणाल्या, “आंधळा केलात त्याला.”

मूर्तीचे डोळे मी तपासले. खरचटलेसुद्धा नव्हते.

४ नोव्हेंबर

वस्तीने रस्ता बंद केला.

आमच्याकडे यायला दोन रस्ते आहेत. एक खालून कड्याच्या कडेने येणारा सरकारी, दुसरा वस्तीतून, त्यांच्या स्वतःच्या मालकीचा. त्यावर त्यांनी आपले लहान टेम्पो एकापाठोपाठ एक उभे केले आहेत. गाड्यांच्या टपांवर मुळे वाळत घातलेत, म्हणजे लवकर हलायचा विचार नाही.

हाताकेनाकासान म्हणाले, “करू दे. आपल्याला सरकारी रस्ता पुरेसा आहे.”

मी तयारीच्या आराखड्याकडे बोट दाखवले. आपत्तीत डिझेलचा टँकर यायचा मार्ग म्हणून त्यात वस्तीचा रस्ता लिहिला आहे, कारण कडा ढासळतो. इमारत उभी राहते ती मोकळ्या पट्ट्यावर, पण जगते या रस्त्यावर. एक मोकळा करायला गेलो आणि दुसरा बंद झाला.

“मग जाऊन पाया पडा,” म्हणाले. “तुम्हाला सवय आहे.”

१२ नोव्हेंबर

पहिले दव गोठले. पट्टा मोकळा आहे, नोंद केली. सुगेनोसान रोज येतात. जिझोकडे बघतही नाहीत. पूर्वी चबुतरा होता त्या फरशीच्या कडेला उभ्या राहतात आणि समोर बघतात. मला वाटते, माझ्या खिडकीवर नजर ठेवतात. मी पडदा लावून घेतला. नंतर वाटले, माझी खिडकी त्या बाजूला नाहीच. तरी पडदा तसाच राहू दिला.

१९ नोव्हेंबर

आला.

दुपारच्या जेवणानंतर मी उत्तरेच्या पट्ट्याशी होतो. आधी फोन भूकंपाचा इशारा देत किंचाळले, मग कुत्री, मग जमिनीतून ट्रक जावा तसा आवाज. मी बसलो नाही, पडलोच. आणि पडल्या पडल्या पाहिले ते सांगतो. इमारत चालू लागली. एवढी मोठी वस्तू अंगणातल्या झोपाळ्यासारखी सावकाश उत्तरेला आली, दक्षिणेला गेली. झाकणे जिभेसारखी जमिनीवर बाहेर आली, आत गेली. फरशा करकरल्या. जिथे चबुतरा होता तिथले झाकण हातभर सरकले, परत आले आणि पुन्हा सरकले. खालची नळी सापासारखी वळली, सरळ झाली. मी अमिदाचे नाम घेत होतो की झाकणे मोजत होतो, आठवत नाही.

वीज गेली. जनित्रे सुरू झाली. आत एक दिवाही विझला नाही.

जिझो उभा होता.

सरकारी रस्ता कड्यासकट खाली गेला आहे.

२० नोव्हेंबर

डिझेल उद्या संध्याकाळपर्यंत पुरेल. टँकर निघाला आहे, पण येणार कुठून? हाताकेनाकासान रात्रभर फोनवर होते. आज मला म्हणाले, “तुमच्या देवाला सांगा डिझेल आणायला.” त्यांना मुलगी झाली आहे, शहरातल्या इस्पितळात, दिवस भरायच्या महिनाभर आधीच. हे मला आज कळले. तिचे सगळे कागद आमच्याच संगणकांत आहेत.

वस्तीत गेलो. दोन घरांची कौले उतरली होती. सभागृहाबाहेर मोठ्या भांड्यात मिसोचे सूप उकळत होते. सुगेनोसान पळी फिरवत होत्या.

“डबा पडला का?” त्यांनी विचारले.

“नाही.”

“वाईट झालं.”

मी गुडघ्यांवर बसलो. म्हणालो, रस्ता द्या. टँकर आला नाही तर उद्या रात्री जिल्ह्यातल्या इस्पितळांना कुणाचा रक्तगट, कुणाची औषधे, काहीच दिसणार नाही.

पळी थांबली. “लाटेच्या वेळी आमच्या दवाखान्याचे कागद गेले,” त्या भांड्यातच बघत म्हणाल्या. “माझा नवरा कुठल्या गोळ्या घेतो, डॉक्टर मलाच विचारत होते. मी म्हटलं, एक पांढरी आणि एक गुलाबी. सगळ्याच पांढऱ्या आणि गुलाबी असतात.”

शेजारचा म्हातारा सुगेनोसानना म्हणाला, “मित्सुबाई, ह्या माणसाला सूप देऊ नका हं.”

“देत नाहीये,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “रस्ता देते. दोन अटी. जिझो आमच्या हद्दीत येईल, आम्ही ठेवू तिथे, आम्ही ठेवू तसा. त्याच्या तोंडाला तुम्ही हात लावायचा नाही.”

“कबूल.”

“आणि तुमचा तो पट्टा. या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा राहील. कायमचा. एक बादलीसुद्धा नको.”

महिनाभर मी हेच तर सांगत होतो. मी म्हणालो, “सुगेनोसान, पत्रक वाचलंत तर.”

“टेबलाखाली आहे ते,” म्हणाल्या.

२१ नोव्हेंबर

टेम्पो हलले. टँकर वस्तीतून आला. पहिल्या गाडीच्या जागी एक काठी रोवली होती आणि तिला माझीच फाडलेली पिवळी चिठ्ठी अडकवलेली. माझे नाव खोडून लिहिले होते : ‘रस्ता तात्पुरता उघडला आहे. जबाबदार : सुगेनो.’

टँकरवाल्याने विचारले, “याचा अर्थ काय?” मी म्हणालो, लवकर आत घ्या.

२८ नोव्हेंबर

वस्तीच्या सहा जणांनी दोरखंडाने जिझो नेला. कुंपणाच्या बाहेर, जाळीला लागून ठेवला आहे, उत्तरेच्या पट्ट्याच्या अगदी रेषेत. सुगेनोसान मागे उभ्या राहून “डावीकडे, अजून डावीकडे” असे सांगत होत्या. गवंडीसुद्धा दोरी लावून इतके नेमके ठेवत नाही. तोंड पुन्हा उलटे, जाळीतून पट्ट्याकडे. मी वचन दिले होते, म्हणून काही बोललो नाही. पट्ट्यावर पहारा ठेवायला बसवला असावा. कल्पना वाईट नाही.

१४ डिसेंबर

आज नवी यंत्रे आली. कोठारात जागा नव्हती. हाताकेनाकासाननी खोकी उत्तरेच्या पट्ट्यावर रचायला लावली, पुरुषभर उंच, आणि वर पिवळी चिठ्ठी. मी म्हणालो, पट्ट्यावर नको. ते म्हणाले, “दोनच दिवस, कुझुमाकीसान. तात्पुरतं. शब्द तुमचाच आहे.”

अर्ध्या तासात वस्तीच्या रस्त्यावर टेम्पो पुन्हा उभे राहिले. सुगेनोसान लहान दारातून आत आल्या. चालताना धाप लागत होती. सरळ खोक्यांकडे गेल्या, चिठ्ठी ओढून काढली आणि हाताकेनाकासानच्या कोटावर, छातीच्या मधोमध चिकटवली.

“हे काय?”

“तुम्ही,” त्या म्हणाल्या. “कुणी तुम्हाला उचललं तर परत कुठे ठेवायचं, ते कळायला. आता खोकी काढा.”

“बाई, ही आमची जागा आहे.”

“आणि तो आमचा रस्ता आहे. तुमच्या मुलीचे कागद ज्या रस्त्याने वाचले, तो.” हे त्यांना कुणी सांगितले कळले नाही. वस्तीला सगळे कळते.

हाताकेनाकासान लाल झाले. खोकी काढायला दुपार गेली. सुगेनोसान बाहेर जाऊन जिझोच्या मागे उभ्या राहिल्या आणि शेवटचे खोके हलेपर्यंत हलल्या नाहीत. चिठ्ठी हाताकेनाकासानच्या कोटावरच राहिली होती. मी सांगितले नाही. हे पाप असेल तर मान्य आहे.

बाईंशी आमचे कधी जमेल असे वाटत नाही. आजही त्यांनी माझा नमस्कार घेतला नाही, आणि तोफू अजून संपलेलाच असतो. पण एक मात्र मानले पाहिजे. सुरक्षिततेचा नियम आमच्या कचेरीत कुणाला कळला नाही, इतका तो त्यांना कळला. चित्रे काढून सांगितल्याचा उपयोग होतो. नव्या वर्षात पत्रकाच्या आणखी पन्नास प्रती काढाव्यात म्हणतो.

संध्याकाळी पट्टा झाडून घेतला. हवा स्वच्छ होती, टोकाची निळी रेघ लख्ख दिसत होती. त्या अजून तिथेच, जाळीपलीकडे. मी विचारले, “आता सगळं नीट दिसतंय ना?”

“दिसतंय,” त्या म्हणाल्या.

त्यांचा आवाज इतका हळू मी पहिल्यांदाच ऐकला. माझ्याशी बोलल्या की नाही, तेही कळले नाही. जिझोच्या गळ्यातले कापड सारखे केले आणि गेल्या.

नोंद केली : उत्तरेचा पट्टा मोकळा.